दिवसाला ५-६ डायट कोला, वर चहा-कॉफी. कमी कसं करायचं? (उद्यमबाग, बेळगाव)

उद्यमबाग_शिफ्ट

नमस्कार मंडळी. लिहू का नको, लिहू का नको करत महिना गेला, आज लिहूलालोय. वय ३९. उद्यमबागेत एका मशीन शॉपला सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, लाईनवर सुपरवायझर आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. तीन वर्षांमागं तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आली. डॉक्टर म्हणाले शुगर अजून झाली नाही पण उंबऱ्यावर आलीय, गोड पेय आधी बंद करा. तेव्हा रोज दोन साधे कोला व्हायचे. ते सोडले आणि डायट कोला चालू केला. डब्यावर साखर शून्य लिहिलंय म्हटल्यावर मोजायचं कशाला, असं मनानं धरलं, आणि दोनाचे तीन, तिनाचे पाच कधी झाले कळलंच नाही. रात्रपाळीला सहा.

दिवस कसा जातो ते सांगतो. उठल्यावर घरात चहा, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ टपरीवर दुसरा, कंपनीत दहाला पहिला कॅन, जेवणाबरोबर दुसरा, चारला कँटीनचा चहा, पाचला तिसरा कॅन, घरी जाताना चौथा आणि रात्री जेवून टीव्हीसमोर पाचवा. मधे कोण भेटलं तर उडप्याच्या हॉटेलात फिल्टर कॉफी होतेच. पाणी दिवसभरात दोन-तीन ग्लास. कॅन ४० ला, म्हणजे दिवसाला २००, महिन्याला ६०००. हा आकडा बायकोनं किराण्याच्या वहीत मांडून दाखवला तेव्हा मला बोलायला तोंड राहिलं नाही.

चव म्हणाल तर चौथ्या कॅनला कळत पण नाही. मला पाहिजे असतं ते वेगळंच आहे. नवीन जॉब, म्हणजे मशीनवर करायचा पुढचा भाग, सेट केला, पहिला पीस मायक्रोमीटरनं मापून ओके आला, की हात वेस्टनं, म्हणजे सुताच्या चिंध्यांनी, पुसायचे, कूलंटचा वास हाताला तसाच, कुलरपाशी जायचं, गार डबा मानेला लावायचा, कडी ओढायची, तो फस्स आवाज. त्या पाच मिनिटांत मला कोण हाक मारत नाही. बाकीचे बिडी ओढायला बाहेर जातात, मी हे करतो.

पाडव्याला ठरवलं, आजपासून सगळं बंद. चहा पण, कोला पण. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांच्या मागं असं दुखायला लागलं की उजेड नको, दोनदा उलटी झाली, आणि त्याच तंद्रीत टूल ऑफसेट, म्हणजे कापणाऱ्या टूलचं माप, मशीनमध्ये घालताना दशांश चुकला, टूल जाऊन जॉब धरणाऱ्या चकवर आदळलं. कुणाला लागलं नाही हे नशीब, पण मी आयुष्यात अशी चूक केलेली नव्हती. संध्याकाळी दोन कॅन घेतले आणि अर्ध्या-पाऊण तासात डोकं थांबलं. तेव्हा खरी भीती वाटली, की हे पेय नाही, हे मला धरून बसलंय.

झोप नाही. छातीत जळजळ आहे. आणि परवा माझी मुलगी, चौथीत आहे, रिकामा डबा घेऊन अगदी माझ्यासारखी मानेला लावून बसली होती. तेव्हापासून चैन नाही.

विचारायचंय ते एवढं. एकदम सोडायचं का हळूहळू? डोकेदुखीचं काय करायचं? डायटमधल्या त्या गोडीनं कॅन्सर होतो म्हणतात त्यात खरं किती? आणि त्याच्या जागी प्यायचं काय?

चिकोडी_ऊसमळा

दादा एकदम सोडा. आमच्या वडिलांनी चहा असाच सोडला, तीन दिवस डोकं बांधून पडले आणि चौथ्या दिवशी उठले ते परत कप हातात धरला नाही. मन घट्ट पाहिजे. आणि त्या डब्यातल्या केमिकलपेक्षा आपल्या उसाचा रस प्या की, आलं-लिंबू घालून. आपल्या भागात ऊस असताना डबे कशाला पाहिजेत.

खानापूरची_बाई

चिकोडीचे दादा, तुमच्या वडिलांचं कौतुकच आहे, पण त्यांना घरात पडून राहता आलं. हे दादा मशीनवर उभे असतात, एक टूल आदळून झालंय, पुढच्या वेळी तिथं कुणाचा हात असला तर? म्हणून माझं मत हळूहळूच.

आणि उसाचा रस यांना अजिबात नको. ६.१ वाल्या माणसाला एक ग्लास रस म्हणजे साखरेचं पाणीच, ताजा असला, आपल्या मळ्यातला असला तरी साखर ती साखरच. डायट सोडायच्या नादात ते परत गोडावर गेले तर तीन वर्षांपूर्वी जिथं होते तिथंच यायचे.

मी स्वतः हायस्कूलला शिकवते, दहावीचे जादा तास घ्यायला लागले तशी माझी गाडी दिवसाला सात चहा आणि दोन कोला इथवर गेली होती. मी पहिला आठवडा काहीच कमी केलं नाही. फक्त लिहिलं. वहीत वेळ, काय प्यायलं, आणि त्या वेळी काय चाललं होतं. आठवड्यानं वही बघितली तर नवल वाटलं, सातातले तीन चहा मी तहानेसाठी पीत होते, एक स्टाफरूममध्ये सगळे घेतात म्हणून, आणि खरी तलफ फक्त दोनदाच, सकाळी सातला आणि दुपारी साडेतीनला. तहानेचे तीन तर सोडावेच लागले नाहीत, बाटली टेबलावर ठेवली आणि ते आपोआप गेले. दादा तुम्ही पाणी दोन-तीन ग्लास लिहिलंय ना, तिथंच अर्धं उत्तर आहे बघा. कूलंट आणि मशीनच्या उष्णतेत दिवसभर उभं राहणाऱ्याला एवढं पाणी म्हणजे काहीच नाही, शरीर पाणी मागतंय आणि तुम्ही त्याला कोला देताय.

नंतर दर आठवड्याला एक कमी. आधी सगळ्यात सोपा होता तो सोडला, सगळ्यात अवघड तो शेवटी. सकाळचा चहा मी आजही घेते आणि त्याचं मला काही वाटत नाही. सात आठवडे लागले.

निपाणी_औषधवाला

मेडिकल दुकान आहे, रोज दोन-चार माणसं हाच प्रश्न घेऊन येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, ज्या गोष्टी पक्क्या माहीत आहेत तेवढ्याच सांगतो.

आधी हिशोब. आपल्याकडं साध्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरला जास्तीत जास्त १४५ मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे चहा-कॉफी-कोलातलं तरतरी आणणारं द्रव्य, चालतं असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, नियम आहे, त्याच्या वर गेलं, म्हणजे १४५ ते ३००, की ते कॅफिनेटेड पेय या वेगळ्या वर्गात जातं आणि डब्यावर तसा इशारा छापावा लागतो. म्हणजे ३०० मिलीच्या तुमच्या कॅनमध्ये फार तर ४३. पाच कॅन म्हणजे फार तर २१५ धरा. आयसीएमआर आणि एनआयएन या सरकारी संशोधन संस्थांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक पुस्तिकेत एका चहाला ३० ते ६५ आणि १५० मिली फिल्टर कॉफीला ८० ते १२० मिलिग्रॅम दिलंय आणि दिवसाची मर्यादा ३००. आता तुमचे तीन चहा आणि एक कॉफी मिळवा. ४०० च्या आसपास जातंय, रात्रपाळीला त्याच्यावर. म्हणजे लोक डब्याला नावं ठेवतील पण निम्मा भार चहा-कॉफीचा आहे हे ध्यानात ठेवा. नुसते डबे बंद केले आणि चहा वाढवला तर काहीच हाती लागत नाही.

डोकं का दुखलं ते सांगतो. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते सांगतं की आता थकलास, झोप. कॅफीन काय करतं, ते द्रव्य जिथं जाऊन बसतं ती जागाच अडवून धरतं. रोज अडवलं की मेंदू तशा जागा वाढवतो. मग एक दिवस कॅफीन आलंच नाही तर त्या सगळ्या जागा एकदम भरतात, डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, डोकं ठणकतं, मळमळतं, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. सोडल्यापासून १२ ते २४ तासांत चालू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जोर असतो, दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतं. तुमचं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालंय. हे मन कच्चं असल्याचं लक्षण नाही, मानसोपचाराच्या डीएसएम-५ या २०१३ च्या ग्रंथात कॅफीन सुटल्याचा त्रास रीतसर नोंदवलेला आहे. म्हणून हळूच कमी करा, हळू केलं की हा त्रास फार कमी होतो.

एक गोष्ट दुकानदार म्हणून हात जोडून सांगतो. डोकेदुखीची गोळी घेताना पत्ता उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. काही गोळ्यांमध्येच कॅफीन असतं. माणूस म्हणतो मी चहा सोडला आणि गोळीवर आलो, आणि गोळीतून तेच कॅफीन पोटात चाललेलं असतं. साधी पॅरासिटामॉल, ती पण एखाद-दुसऱ्या दिवशी, लिव्हरचा किंवा दारूचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय ती पण नको. छातीत धडधड, बीपी, असं काही असेल तर आधी डॉक्टर. छातीची जळजळ तुम्ही लिहिलीय, ती पण दाखवून घ्या.

खानापूरच्या बाईंशी एका ठिकाणी माझं जुळत नाही. सोपा कॅन आधी नको, रात्रीचा आधी काढा. कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. रात्री नऊला घेतलेला कॅन दोन वाजता अर्धा तुमच्या रक्तात असतो. झोप लागली तरी ती गाढ नसते, मग सकाळी तोंड उतरलेलं, म्हणून चहा, म्हणून दहाला कॅन. ही साखळी रात्रीच्या टोकाकडूनच तोडायला पाहिजे.

आता कॅन्सर. जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं ॲस्पार्टेमला, म्हणजे डायट पेयातल्या नकली गोडीला, २बी गटात टाकलं, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा तोकडा. त्याच वेळी त्यांच्याच दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली, किलोमागं ४० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ च्या वर कॅन लागतात. तुम्ही पाचवर आहात, तेव्हा त्या भीतीनं रात्र काढू नका. पण मे २०२३ मध्ये डब्ल्यूएचओनं असंही सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला या नकली गोडीवर भरवसा ठेवू नका, लांबच्या काळात त्याचा फायदा दिसत नाही. शुगर झालेल्यांना तो सल्ला लावलेला नाही, पण तुम्ही अजून अलीकडं आहात. फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असणाऱ्यांना मात्र ॲस्पार्टेम अजिबात चालत नाही, डब्यावर तसं छापलेलं असतं.

अक्कोळची_वाट

निपाणीच्या भाऊंना एक विचारतो, धागा दुसरीकडं नेतोय असं वाटलं तर माफ करा. आमचं सगळं आयुष्य तंबाखूत गेलं, वखारीत काम, तीस वर्षं बिडी ओढली, गेल्या दसऱ्याला सोडली. चहा तेवढाच आहे, दिवसाला चार, पूर्वी पण चारच. पण बिडी सोडल्यापासून झोप गेलीय बघा, हात थरथरतोय, मुलगा म्हणतो बिडी सुटल्यामुळं. एवढे महिने झाले की आता, अजून बिडीच का?

निपाणी_औषधवाला

काका, आधी मनापासून अभिनंदन, तीस वर्षांची बिडी सोडणं लई मोठं काम केलंत. आणि धागा दुसरीकडं नाही, इथलाच प्रश्न आहे. बिडी-सिगारेटच्या धुरामुळं लिव्हर कॅफीन भराभर जाळतं. धूर थांबला की लिव्हर परत आपल्या मूळ वेगावर येतं आणि तोच चहा अंगात जास्त वेळ टिकतो. म्हणजे कप चारच, पण अंगाला ते सहा-सात प्यायल्यासारखे लागतात. चाराचे दोन करून बघा, दुपारनंतर बंद, पंधरा दिवसांत फरक कळेल. तरी हात थरथरायचा थांबला नाही तर थायरॉईड आणि शुगर तपासून घ्या, अंगावर काढू नका.

अक्कोळची_वाट

असं कुणी सांगितलंच नव्हतं. आजपासून दोन.

टिळकवाडीची_वहिनी

मी पिण्याचं सांगते कारण भावजींचा शेवटचा प्रश्न सगळे विसरले.

गार आणि फस्स करणारं पाहिजे ना, मग साधा सोडा आणा, बिनगोडाचा, त्यात आमसुलाचं पाणी. बाजारातलं कोकम सरबत नको, त्यात साखर ओतलेली असते. आमसुलं रात्री भिजत घालायची, सात-आठ पुरेत, सकाळी हातानं कुस्करून गाळायची, चिमूटभर जिऱ्याची पूड, मीठ अगदी नखभर. बाटलीत भरून फ्रीजमध्ये, आणि पिताना अर्धा ग्लास ते, अर्धा सोडा. रंग बघूनच मन भरतं. आमचे हे आधी तोंड वाकडं करायचे, आता चोर्ल्यातून गोव्याला जाताना पण बाटली बरोबर मागतात.

दुपारच्या कॅनच्या जागी नाचणीची आंबील करून बघा, ताक घालून, लसूण ठेचून. पोटाला थंड पडते आणि दोन तास भूक लागत नाही. मला वाटतं भावजींना पाच वाजता जो कॅन लागतो ती खरी भूक आहे, जेवण साडेबाराला झालं की पाचला पोट रिकामंच असतं.

कॉफीचं एक. आपल्याकडं पावडर दळून देणाऱ्या दुकानात चिकोरी किती टाकायची ते आपल्याला सांगता येतं. चिकोरीत कॅफीन नसतं. आम्ही पूर्वी ८०-२० आणायचो, मग ७०-३०, आता ६०-४० आणतो. चव घट्टच लागते, सासूबाईंना तर तीच आवडायला लागली. एकदम ६०-४० आणलीत तर घरात बोंब होईल, एकेक पाव किलो संपल्यावर बदला. निम्म्याच्या पुढं चिकोरी चालत नाही, कॉफी किमान ५१ टक्के पाहिजेच असा नियम आहे, तेवढं दुकानदारालाच विचारा.

आणि मुलीचं वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ओरडू नका हं. तिच्यासमोर तुम्ही वेगळं काहीतरी प्या, ती ते पण करेल.

व्हीटीयू_थर्ड_सेम

मला वाटलं कोला म्हणजे काय मोठं, मी इंटर्नल्सच्या आठवड्यात रोज दोन-तीन एनर्जी ड्रिंक घ्यायचो. वर औषधवाल्या काकांनी १४५ ते ३०० लिहिलंय ते वाचून हॉस्टेलच्या खिडकीतले रिकामे डबे बघितले, इशारा खरंच छापलाय, मी कधी वाचलाच नव्हता. दात पण शिवशिवतात हल्ली, गार पाणी लागलं की. ते यानंच का?

खानापूरची_बाई

बाळा असू शकतं, दातांच्या डॉक्टरना दाखव. डायट असो नाहीतर साखरेचं, या सगळ्या पेयांमध्ये आम्ल असतं, कोलाचा पीएच, म्हणजे आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, तीनच्या आसपास, आणि पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. त्यातून तासभर एकेक घोट घेत बसलं तर जास्त वाईट, तोंड सावरायला वेळच मिळत नाही. प्यायलास तर जेवताना एकदाच पी, वर साध्या पाण्यानं चूळ भर, आणि लगेच ब्रश घासू नको, अर्धा-एक तास जाऊ दे. वहिनींच्या कोकमाला पण हेच लागू आहे, ते पण आंबटच. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काही डोक्यात राहत नाही, हे वीस वर्षं पेपर तपासून सांगते.

उद्यमबाग_शिफ्ट

सगळ्यांचे खूप आभार. वही घातलीय. आठवडाभर नुसतं लिहितो, मग रात्रीचा कॅन पहिला. परत येऊन सांगतो.

उद्यमबाग_शिफ्ट

सहा आठवडे झाले, सांगितल्याप्रमाणं आलो.

वही बघून मी पण थक्क झालो की. पाचातले दोन कॅन मी मशीनपासून लांब जायला मिळावं म्हणूनच घेत होतो, तहान नव्हती, तलफ पण नव्हती. म्हणून ती पाच मिनिटं ठेवली आणि डबा काढला. कुलरपाशीच जातो, गार पाण्याची स्टीलची बाटली मानेला लावतो, उभ्यानं अर्धी संपवतो. पहिले आठ दिवस काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं, हात सारखा कुलरच्या दाराकडं जायचा. आता नाही जात.

रात्रीचा कॅन काढला त्या पहिल्या तीन रात्री झोप उलट बिघडली, मी औषधवाल्या भाऊंवर मनातल्या मनात चिडलो पण होतो, चौथ्या रात्री साडेदहाला पडलो ते सहाला उठलो. असं कधी झोपलो होतो आठवत नाही. त्यानंतर दहा दिवसांना एक कमी करत गेलो, डोकं एकदाच दुखलं, पाचचा कॅन काढला तेव्हा, ते पण अगदी हलकं. पाचला आता आंबील नेतो, नाहीतर फुटाणे. टपरीचा चहा सोडला, घरचा आणि कँटीनचा राहिला. कॉफी ७०-३० वर आलीय. डॉक्टरना जळजळ दाखवली, त्यांनी आठ आठवड्यांनी परत एचबीए१सी करायला सांगितलंय.

मधे एकदा घसरलो ते पण लिहितो. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत रात्रभर उभे होतो, वैशाखाचा उकाडा, मंडळाच्या पोरांनी बर्फातनं काढून हातात दिला, एकाचे तीन झाले. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिले, तीन. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही, आमसुलं भिजत घातली.

वहिनी, तुमचं कोकम सोडा मुलगी करते आता. जिऱ्याची पूड जास्त घालते पण मी पितो.

एकच राहिलंय. दिवसपाळीला एक कॅन आणि दोन चहा एवढ्यावर आलोय, पण रात्रपाळीत पहाटे तीनचा कॅन सुटत नाही. त्या वेळी डोळे मिटतात आणि मशीन चालू असते, तिथं मी धोका घेऊ शकत नाही. रात्रपाळीवाले कोण असतील तर सांगा.

रात्रपाळी_सिस्टर

अठरा वर्षं वॉर्डात रात्रपाळी करते, म्हणून सांगू शकते दादा. तुमचा कॅन चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. पहाटे तीनला घेतला की सकाळी आठला घरी जाऊन पडता तेव्हा तो अर्धा अंगात असतो, मग दिवसाची झोप दोन-तीन तासांत मोडते आणि पुढच्या रात्री डोळे आणखी जड. मी चहा पाळीच्या सुरुवातीला घेते, दहा-साडेदहाला एक, फार तर बाराला दुसरा, त्यानंतर नाही. तीनची झोप येते ती कितीही प्यायलं तरी येतेच, शरीराचं घड्याळच त्या वेळी सगळ्यात खाली असतं. त्यावर उपाय म्हणजे साहेबांशी बोलून अडीचला पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, तुमच्या जागी दुसरा माणूस उभा करून. वीस मिनिटांच्या वर नको, नाहीतर उठल्यावर जास्त गुंगी येते. उठलं की तोंडावर पाणी, शॉपला एक फेरी, काहीतरी चावायला, कुरकुरीत. भाताचा डबा रात्री एकला खाऊ नका, पोट जड झालं की डोळे मिटणारच, थोडं थोडं खा.

सकाळी घरी जाऊन खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. आणि डोळे फारच मिटत असतील त्या सकाळी गाडी चालवू नका, सहकाऱ्याच्या मागं बसून जा.

उद्यमबाग_शिफ्ट

सिस्टर, हे डुलकीचं कधी मागायचं धाडसच झालं नव्हतं, वाटायचं कामचुकार म्हणतील. आज मॅनेजरना विचारलं. पाडव्याला टूल आदळलेलं त्यांना आठवत होतं, म्हणाले अडीच ते पावणेतीन, लाईनवर दुसरा ऑपरेटर ठेवून. सोमवारपासून रात्रपाळी आहे. पडदा शिवायला टाकलाय, शनिवारी मिळतोय.